एक ठासणीची बंदूक

स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून हेवा वाटतो. आमच्या सोलापुरात असा माणूस दर गल्लीत एक तरी सापडतोच. कुणी नान्नजच्या माळावर लांडग्याच्या डोळ्याला डोळा भिडवलेला असतो, कुणी रात्रीच्या वेळी बार्शी रस्त्याला तीन दरोडेखोरांना एकट्यानं पिटाळलेलं असतं. हे दरोडेखोर दर वर्षी एकानं वाढतात. मागच्या दिवाळीला ते नऊ झाले होते.

माझी गोष्ट त्या मानानं किरकोळ आहे. बंदुकीशी माझा संबंध आयुष्यात तीनदा आला. एकदा मी बंदुकीच्या मागं होतो, एकदा शेजारी होतो आणि एकदा पुढं. मागं होतो तेव्हा फुगा फुटला नाही. शेजारी होतो तेव्हा दुपारची डुलकी लागली नाही. आणि पुढं होतो तेव्हा... पण ते क्रमानंच सांगतो.

पहिला प्रसंग गड्ड्यातला. श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात आणि मग होम मैदानावर पाळणे, भजी, पिपाण्या आणि धूळ यांचं राज्य सुरू होतं. साल १९७६. लग्नानंतरचा आमचा पहिलाच गड्डा. फुगे फोडायच्या दुकानापुढं सौभाग्यवती थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, फोडून दाखवा की एखादा." नव्या नवऱ्याला असं सांगणं म्हणजे हनुमंताला समुद्र दाखवण्यासारखं आहे. आठ आण्यांत पाच बार होते. मी बंदूक खांद्याला लावली आणि एक डोळा मिटला. कुठला मिटायचा हे ऐनवेळी आठवेना, म्हणून खबरदारी म्हणून दोन्ही मिटले. पहिला छर्रा पडद्याला लागला. दुसरा कुठं गेला ते अजून कळलेलं नाही. तिसऱ्याच्या वेळी दुकानदार आपण होऊन फळीखाली जाऊन बसला.

उरलेले दोन बार सौभाग्यवतींनी घेतले. दोन्ही डोळे उघडे ठेवून, पदर खोचून, त्यांनी दोन बारांत दोन फुगे फोडले आणि प्लॅस्टिकची साबणदाणी जिंकली. "नळी उजवीकडं वाकडी आहे," त्या सहज म्हणाल्या, "म्हणून मी जरा डावीकडं धरली." ती साबणदाणी पुढं कित्येक वर्षं आमच्या न्हाणीघरात होती आणि रोज सकाळी मला माझी जागा दाखवून देत होती.

दुसरा प्रसंग म्हणजे प्रसंग नव्हे, नोकरीच. मी बँकेत कॅशवर बसत असे. दारापाशी स्टुलावर आमचा गार्ड बसायचा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पण सगळे त्याला सुभेदार म्हणायचे आणि तो कधी दुरुस्ती करायचा नाही. त्याच्याकडं दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक होती. ती तो मांडीवर आडवी ठेवायचा आणि तिची दोन्ही तोंडं बरोब्बर माझ्या पिंजऱ्याकडं यायची. एक दिवस धीर करून मी म्हणालो, "सुभेदार, जरा त्या बाजूला करता का तोंड?"

त्यानं मान वळवून पाहिलं. "तिकडं म्यानेजरसाहेबांची केबिन हाय की हो साहेब. तिकडं कसं करू?"

मी निरुत्तर झालो. ज्येष्ठतेची यादी बँकेत सगळीकडं लागू असते, हे मी विसरलो होतो. "आत काडतूस आहे का?" मी विचारलं. "ते सांगायचं नसतंय साहेब. सिक्युरिटीची बाब हाय." दुपारी जेवणानंतर सुभेदाराला डुलकी येई. मांडीवरची बंदूक हळूहळू कलंडायची. पहिल्यांदा ती माझ्या कपाळावर रोखलेली असे, मग छातीवर, मग पोटावर. गुडघ्यापर्यंत आली की मी ओळखायचो, तीन वाजले, चहा यायची वेळ झाली. अशी अकरा वर्षं मी काढली. शौर्यपदक राहू द्या, त्याबद्दल साधा भत्तासुद्धा कुणी दिला नाही.

वास्तविक बंदुकीपुढं उभं राहण्याबद्दल सोलापुरात राहून माझ्यासारख्यानं बोलू नये. १९३० सालच्या मे महिन्यात या गावानं गोळीबारही पाहिला आणि १२ मेपासून मार्शल लॉही सोसला. गांधी टोपी घालणं हाच तेव्हा गुन्हा ठरला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना अजूनही माझी मान आपोआप खाली जाते. माझे आजोबा त्या वेळी तरुण होते. "आजोबा, तुम्ही काय केलंत?" असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "टोपी काढली आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली. पण टाकून दिली नाही हो!" आमच्या घराण्यातल्या धैर्याचं माप असं पिठाच्या डब्याएवढं आहे. त्याहून मोठी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

आता मामांची बंदूक.

माझे मामा सडेफटिंग. त्यांचं गाव सोलापुराहून नळदुर्गकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, जुन्या निजाम हद्दीला अगदी लागून. शेती बरीचशी विकून १९७९ साली ते आमच्याकडं राहायला आले. येताना ट्रंकेशिवाय दोनच वस्तू आणल्या. एक ठासणीची बंदूक आणि एक मुसळ.

बंदुकीचा परवाना मूळचा त्यांच्या वडिलांचा, पिकाच्या राखणीसाठी काढलेला. पुढं तो मामांच्या नावावर झाला. ही बंदूक म्हणजे सोय कमी आणि सासुरवास जास्त. दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण. फॉर्म, फी, फोटो, पोलिसांचा दाखला. त्यातून निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. मतदान मामा करायचे आणि आचारसंहिता बंदूक पाळायची. लोकसभा, विधानसभा, झालंच तर मधलीआधली एखादी, असं करत तिचं निम्मं आयुष्य ठाण्यात गेलं. एखादा अट्टल गुन्हेगारही इतक्या वेळा आतबाहेर झाला नसेल.

मुसळाचा त्रास वेगळा. ते बाभळीचं होतं, लोखंडी वसव्याचं, आणि असं जड की आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी नापसंती नोंदवली. पण मामांचं म्हणणं, शेंगांची चटणी कुटायची ती याच मुसळानं. मिक्सर घरात आला तेव्हा दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. गंमत म्हणजे मुसळाला ते आठवड्याला तेल लावायचे. बंदुकीला महिन्यातून एकदा.

आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहत. त्यांनी एकदा ओट्यावर बसून आम्हांला स्वसंरक्षणाचा कायदा समजावून दिला. भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६. (आता १ जुलै २०२४ पासून हेच सगळं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत गेलं आहे. चोरांनी नोंद घ्यावी.) कायदा मोठा उदार आहे. जिवावर बेतेल अशी वाजवी भीती वाटली, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा नाही. रात्री कुणी घर फोडून शिरला तरी तेच. पण मधे कलम ९९ बसलं आहे. संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडं धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

"म्हणजे चोर समोर उभा असताना एवढं सगळं आठवायचं?" मी विचारलं.

"आठवायचं," वकीलसाहेब म्हणाले, "आणि नाही आठवलं तर मी आहेच."

मामा हे सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, अंधारात वाजवी भीती नसते. नुसती भीती असते." मग उठून आत गेले. मला वाटलं, त्यांना झोप आली असेल.

तर तिसरा प्रसंग. १९८६ चा पावसाळा. आम्ही तेव्हा विजापूर रोडच्या बाजूला, शहर जिथं संपायचं तिथं नवीन घर बांधून राहत होतो. वस्ती तुरळक. त्या महिन्यात आमच्या भागात दोन घरफोड्या झाल्या होत्या आणि बातम्या मात्र वीस घरफोड्यांच्या होत्या. पुरुषमंडळी आळीपाळीनं काठ्या घेऊन गस्त घालत. मी बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी यायचा होतो, पण ट्रेनिंग लवकर आटोपलं म्हणून मी संध्याकाळची एस. टी. धरली. रात्री दोनच्या सुमाराला घराशी पोचलो तर सगळीकडं वीज गेलेली. फाटकाला आतून कुलूप. घंटी वाजेना. हाका मारून शेजाऱ्यांना उठवायचं जिवावर आलं, कारण शेजाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या. मी विचार केला, आपलंच घर, आपलीच भिंत. काखेत बाकरवडीची पिशवी, हातात छत्री, अशा थाटात मी कंपाउंडवरून आत उडी मारली.

"कोण ए? तिथंच थांब!"

मी थांबलो. "मी आहे" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. चौथीपासून वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलेला मी, पण तोंडातून शब्द फुटेना. जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात वीज चमकली. ओट्यावर मामा उभे. खांद्याला बंदूक. घोडा चढवलेला. नळी माझ्याकडं.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. बायकामुलं आठवतात म्हणतात. खोटं कशाला सांगू, मला आठवलं ते एस. टी.चं तिकीट. ते माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात, डाव्या बाजूला होतं, आणि त्याला भोक पडलं तर प्रवासभत्त्याचं बिल पास होणार नाही, हा एकच विचार मनात आला. नंतर मी पुष्कळदा स्वतःला तपासून पाहिलं, की याच्या मागं काही उदात्त विचार दडला होता का. नव्हता.

"कोण ए? बोल!" मामा पुन्हा ओरडले. त्यांचा आवाज कापत होता. आणि इथं माझ्या हातून चूक घडली. भीतीनं मूठ आवळली आणि छत्रीचं बटण दाबलं गेलं. फट्ट! असा मोठा आवाज होऊन छत्री उघडली.

आणि त्याच क्षणी समोरून आवाज आला. खट्ट.

बस्स, एवढंच. धूर नाही, जाळ नाही. नुसतं खट्ट. पण तो आवाज मला अजूनही कधी कधी पहाटे ऐकू येतो. दारात सौभाग्यवती कंदील घेऊन आल्या. त्यांनी एका टोकाला बंदूक आणि दुसऱ्या टोकाला उघड्या छत्रीखाली थरथरणारा नवरा पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, आधी फाटकाशी हाक तरी मारायची! आणि ती छत्री मिटा. पाऊस कुठं आहे?"

मी हसलो. हसल्यावर पाय गळाले आणि तिथंच चिखलात बसलो. मामा मात्र हसले नाहीत. ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि बंदूक भिंतीला टेकवून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बराच वेळ कुणी बोललं नाही. सौभाग्यवतींनी चहा आणला. मामांनी कप घेतला नाही. मग म्हणाले,

"आत बार नव्हता. अठ्ठेचाळीस सालापासून हिच्यात बार भरलेलाच नाही. बार नाही हे मला ठाऊक होतं." थोडं थांबून म्हणाले, "बोटाला ठाऊक नव्हतं."

मग उजाडेपर्यंत त्यांनी जे सांगितलं, ते त्याआधी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

१९४८ चा ऑगस्ट. मामा वीस वर्षांचे. ओढ्याच्या अलीकडं मुंबई इलाखा, पलीकडं निजामाचं राज्य. पलीकडच्या गावांतून रझाकारांच्या भीतीनं रोज माणसं निघून येत होती. आज ना उद्या रझाकार ओढा ओलांडणार, ही आवई तर रोजचीच. गावानं रात्रीची गस्त बसवली. गावात बंदूक एकच, ती मामांच्या घरची, म्हणून मामांची पाळी रोजची. सगळा गाव त्यांना मान द्यायचा. विसाव्या वर्षी मान मिळाला की माणूस पावसातही फुगतो.

अशाच एका पावसाळी रात्री ओढ्यातून पाच-सहा आकृत्या वर आल्या. पुढच्या माणसाच्या खांद्यावर लांबलचक काही तरी होतं. मामांनी दोनदा आवाज दिला. उत्तर आलं नाही. पुढची आकृती थांबली आणि तिनं खांद्यावरचं ते लांबडं खाली घेऊन समोर रोखलं. मामांनी चाप ओढला.

खट्ट. दारू पावसानं सादळली होती. टोपी फुटली, पण बार पेटला नाही.

आणि मग अंधारातून लहान मूल रडायला लागलं.

"म्हातारी होती रे," मामा म्हणाले. "मागं दोन सुना आणि पोरं. पोरगे कुठं गेले ते त्यांनाच माहीत नव्हतं. घर सोडताना जे हाती लागलं ते घेऊन निघालेल्या. कुणी परात, कुणी पोर. म्हातारीनं मुसळ उचललेलं. मी विचारलं, आजी, बोलला का नाहीस? तर म्हणाली, 'तू कोणचा, ते मला तरी कुठं ठावं होतं बाबा? जवळ आला असतास तर घातलं असतं डोक्यात.'"

म्हणजे त्या रात्री दोघंही स्वसंरक्षणच करत होते. दोघांनाही कायद्यानं सांगितलेली वाजवी भीती वाटत होती. कलम ९९ दोघांच्याही गावी नव्हतं.

ती मंडळी महिनाभर मामांच्या वाड्यात राहिली. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापुराहून भारतीय फौज निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ तारखेला निजामानं हार पत्करली. म्हातारी सुना-पोरांना घेऊन आपल्या गावी परत गेली. जाताना मुसळ ठेवून गेली. "तुझ्या आईला राहू दे चटणी कुटायला," म्हणाली. मामा म्हणाले, "पण पुढच्या महिन्यात पळणारी माणसं फक्त बदलली. आता तिकडची मुसलमान बायका-पोरं गाठोडी घेऊन जीव वाचवत फिरत होती. मी बंदूक घेऊन गस्तीला गेलो नाही. गाव हसलं मला. भित्रा म्हणालं." त्या दिवसांत त्या भागात निरपराधांचं काय काय झालं, हे पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं नोंदवून ठेवलं आहे. मामांनी ते वाचलं नव्हतं. वाचायची गरजही नव्हती.

"मग मामा, ही बंदूक ठेवलीत कशाला? विकून टाकायची. दर तीन वर्षांनी एवढा उपद्व्याप."

मामा माझ्याकडं, मी हिशेबात चुकलो असं पाहत राहिले. "विकली असती तर घेणाऱ्यानं भरली असती की."

इतकी वर्षं, प्रत्येक निवडणुकीला, प्रत्येक फॉर्मला, प्रत्येक फीला हा माणूस एक बंदूक रिकामी ठेवण्यासाठी पैसे भरत होता. आणि फॉर्मवर 'हत्यार कशासाठी हवे?' या प्रश्नापुढं लिहीत होता, 'स्वसंरक्षणार्थ'. मी तोवर समजत होतो की ते नुसतं लिहायचं म्हणून लिहितात.

१९९८ साली मामा गेले. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर होऊ शकतो, असं वकीलसाहेब म्हणाले. मी नको म्हणालो. फुगा न फोडू शकणाऱ्या माणसाकडं बंदूक सुरक्षित राहील, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता, पण मला माझ्या बोटाची खात्री देता येईना. बंदूक सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि रिक्षात बसलो. "काय हाय त्यात?" रिक्षावाल्यानं विचारलं. "बंदूक," मी म्हणालो. "लई चेष्टा करताव साहेब," असं म्हणून त्यानं खड्ड्यातून रिक्षा घातली.

ठाण्यात कारकुनानं नळीत डोकावून पाहिलं. "चालू हाय का? शेवटचा बार कधी काढला?"

"१९४८ साली काढायला गेले होते," मी म्हणालो. "निघाला नाही."

"मग खराबच म्हणायची," असं म्हणून त्यानं तशी नोंद केली. मी दुरुस्ती केली नाही. मला वाटतं, इतकी वर्षं इतकं उत्तम काम दिलेली बंदूक सबंध जिल्ह्यात दुसरी नसेल.

मुसळ मात्र घरीच आहे. सुनेनं दोन मिक्सर बदलले, पण शेंगांची चटणी अजून त्यानंच कुटली जाते, आणि पाहुणे पाव किलोची पुडी बांधून घेतल्याशिवाय हलत नाहीत. रात्री सौभाग्यवती ते दाराच्या मागं उभं करून ठेवतात. त्याला परवाना लागत नाही, नूतनीकरण लागत नाही आणि निवडणूक आली तरी ते ठाण्यात जमा करावं लागत नाही.

मी मात्र तेव्हापासून एक नियम पाळतो. कितीही उशीर होवो, घरी येताना पार कोपऱ्यावरूनच मोठ्यानं ओरडत येतो, "मी आहे! मी आहे!" सगळी गल्ली जागी होते, कुत्री भुंकतात, शेजारी शिव्या देतात. देऊ देत. आत मुसळ आहे आणि मुसळाजवळ कोण आहे, हे त्यांना माहीत नाही. त्या बाईचा एकही बार फुकट जात नाही.